फेडर खाली असताना

१

राष्ट्रीय रेडिओवरून रोज सकाळी देशाला उठवणाऱ्या बाईला श्रोत्यांनी साखरबाई असं नाव ठेवलं होतं. केंद्रावरची माणसंही तिला त्याच नावाने हाक मारत, पण मारताना एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसत. कारण साखर होती ती फक्त माइकपुरती. एरवी बाई म्हणजे तिखटाचा डबा. झाकण उघडायचा अवकाश, की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी.

त्या दिवशी तर घरातून निघतानाच तिचं टाळकं फिरलं होतं. आईला सांभाळायला येणाऱ्या बाईने ऐनवेळी निरोप धाडला, आज जमणार नाही. जमणार नाही म्हणजे काय? चौथ्या मजल्यावर, डोळ्यांना धड दिसत नाही, काठीशिवाय पाऊल टाकता येत नाही, अशी म्हातारी दिवसभर एकटी सोडायची, आणि ह्यांना जमणार नाही. धाकट्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, ताई, तू आहेस ना तिथे. तो नेहमी हेच म्हणायचा. दुसऱ्या शहरात बसून म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं? शेवटी तिने आईच्या उशाशी रेडिओ लावून दिला, समोरच्या काकूंना अधूनमधून डोकावण्याची गळ घातली, खाटेवरून उठायचं नाही आणि गॅसला तर हातच लावायचा नाही असं आईला बजावलं, आणि दार आपटून निघाली.

निवेदनाची खोली म्हणजे एक बंद खोकं. भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या, खाली जाड गालिचा, एका बाजूला मोठी काच आणि काचेपलीकडे इंजिनिअर. टेबलावर माइक, शेजारी फोन. त्या फोनला घंटी नव्हती, फोन आला की नुसता एक दिवा लुकलुकायचा. आणि हाताशी फेडर, म्हणजे वरखाली सरकणारी बोटभर कळ. ती वर केली की दारावरचा लाल दिवा लागायचा आणि तिचा आवाज देशभर जायचा. खाली केली की दिवा विझायचा, आणि मग त्या खोलीत कुणी खून पाडला तरी बाहेर कळायचं नाही.

फेडर खाली गेला की ती बोलायची. माइकलाच बोलायची, कारण समोर दुसरं कोणी नसायचं. बातम्यांचे कागद उशिरा आणणाऱ्याला, केंद्रप्रमुखाला, भावाला, आईला, सगळ्यांना शेलक्या शब्दांत घ्यायची, मग कळ वर सरकवून मधाळ आवाजात पुढचा कार्यक्रम सांगायची. इतक्या वर्षांत एकदाही गफलत झाली नव्हती. हात फेडरवर बसलेला होता.

"सुप्रभात, श्रोतेहो," ती म्हणाली. मग सतारीची तबकडी लावली, कळ खाली ओढली आणि दात-ओठ खात म्हणाली, "आता जागी झाली असेल. पडून राहा म्हटलं की ही पडून राहील तर शपथ. ऊठ, ऊठ, आणि कर तुझा चहा तूच. मला काय चार हात आहेत?"

२

सकाळच्या बातम्या चालू असताना फोनचा दिवा लुकलुकला. बातम्या शेजारच्या स्टुडिओतून जात होत्या, तेवढा वेळ ती मोकळी होती. फोनवर आई होती. आईच्या फोनवर एकच मोठं बटण तिने शिकवून ठेवलं होतं, ते दाबलं की फोन थेट ह्या खोलीत यायचा. अडीनडीला म्हणून शिकवलं होतं, पण म्हातारीला रोजच अडीनडी.

उठले, आई म्हणाली. चहापण केला. थोडं दूध उतू गेलं, पण पुसलं.

हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅसला हात लावायचा नाही असं सांगून गेले होते की नाही, म्हणून तिने खडसावलं.

"अगं, तूच तर म्हणालीस," आई म्हणाली. "ऊठ, चहा कर, असं. सतार लावल्यावर. इतकं गोड बोललीस गं, मला वाटलं आज स्वारी खुशीत आहे."

तिने कपाळाला हात लावला. म्हाताऱ्या माणसाला पहाटे डुलकी लागते, स्वप्नात काहीही ऐकू येतं, त्यात नवल ते काय. गॅसची मागची कळ बंद केलीस का, एवढं विचारून तिने फोन ठेवला. आईने 'गोड' म्हटलेलं मात्र तिला उगाच टोचत राहिलं.

३

बातम्यांनंतर शेतकी सल्ला होता. कार्यक्रम आधीच ध्वनिमुद्रित केलेला, त्यामुळे तिला फक्त सुरुवात आणि शेवट सांगायचा. एक तज्ज्ञ कंटाळवाण्या आवाजात किडीवरच्या औषधाचं प्रमाण सांगत होता, किती पाण्यात किती, कुठल्या वेळी, कुठल्या वेळी नाही. औषध म्हटल्यावर तिला आईच्या गोळ्या आठवल्या. त्या देणारी बाई आज आलेलीच नव्हती. निघताना हिनेही रागाच्या भरात त्या काढून ठेवल्या नव्हत्या.

"ही एक विसरणार आणि दुसरी दोनदा घेणार," ती फेडर खाली असताना माइकला म्हणाली. "मग रात्रभर मी जागायचं. घेऊन टाक म्हणावं सगळ्या एकदम, म्हणजे रोजची कटकट तरी मिटेल."

माणूस वैतागला की बोलतो तसं ती बोलली. कोणाच्या मनात असतं का असलं काही? फोनचा दिवा लुकलुकला.

"त्या नव्या बाटलीचं झाकण काही उघडत नाही गं," आई म्हणाली. "बाकीच्या सगळ्या काढून वाटीत ठेवल्यात."

"कशाला काढल्यास?"

"सगळ्या एकदम घे म्हणालीस ना. कटकट मिटेल म्हणालीस. मग ती बाटली राहिली असती, म्हणून थांबले."

कटकट मिटेल. तेच शब्द. काचेपलीकडे इंजिनिअर पाठ करून कुणाशी तरी बोलत होता, दार बंद होतं, खोलीत दुसरं कुत्रंसुद्धा नव्हतं. एकही गोळी घेऊ नकोस, वाटीला हात लावू नकोस, असं ती फोनवर ओरडली. आई गप्प बसली. ओरडल्यावर ती अशीच गप्प बसायची, लहान पोरासारखी, आणि त्याचाही हिला राग यायचा.

तिने समोरच्या काकूंना फोन केला. काकू लगेच गेल्या, गोळ्या ताब्यात घेतल्या, पाच मिनिटं आईपाशी बसल्या आणि मग कळवलं की रेडिओवर किडीचं काहीतरी चाललंय, बाकी काही नाही, आणि आई आज किती प्रसन्न दिसतायत. वर हेही ऐकवलं की अशा माणसाला एकटं टाकून जाणं बरं नव्हे.

"आली मोठी शहाणी," फोन ठेवल्यावर ती पुटपुटली. "आता सगळ्या इमारतीत डांगोरा पिटेल. तिला नको म्हणावं घरात घेऊ. कोणालाच नको घेऊ, कडी लाव आतून आणि बस."

बोलून झाल्यावर तिने तोंडावर हात दाबून धरला. फेडर खालीच होता. लाल दिवाही विझलेला होता.

४

इंजिनिअर हा एक थंड माणूस. जगबुडी झाली तरी आधी बिस्किट संपवेल आणि मग उठेल. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने सावकाश ऐकून घेतलं, मग सकाळपासूनचं ध्वनिमुद्रण लावून दाखवलं. रेडिओवरून जे बाहेर जातं ते सगळं तिथे आपोआप साठत असे. सतार होती, बातम्या होत्या, किडीवाला तज्ज्ञ होता. त्याच्या मागे ना पुटपुट, ना कुजबुज. फेडर खाली म्हणजे तार कापल्यासारखं, तो म्हणाला. मग म्हणाला, आईंचे कान फारच तयार दिसतात, इथे नोकरीला आणा.

तिला त्याची मानगूट धरावीशी वाटली. त्याऐवजी तिने त्याला हाताला धरून आपल्या खोलीत आणलं. तेव्हा गृहिणींचा कार्यक्रम चालू होता, डाग काढण्याच्या युक्त्या. तिने त्याला फेडर खाली असल्याचं दाखवलं, माइकची तार उपसून त्याच्या हातात दिली, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आई, मोजे घाल. लोकरीचे. कपाटाच्या खालच्या खणात आहेत."

मुद्दाम अगदी साधं काहीतरी निवडलं होतं. दोघं उभी राहिली. छतातल्या झरोक्यातून थंड हवेची सूं सूं तेवढी येत होती. इंजिनिअर घड्याळाकडे बघून काहीतरी चेष्टेचं बोलणार, तोच फोनचा दिवा लुकलुकला. तिने नुसती मान हलवली. त्यानेच फोन उचलला आणि आवाज मोठा केला.

"घातले गं मोजे," आई म्हणाली. "फरशीवर पाय जरा सरकतायत, पण ऊब किती छान आली. आठवणीने सांगितलंस."

इंजिनिअरच्या हातातली तार खाली लोंबत होती. त्याने ती टेबलावर ठेवली, हात विजारीला पुसले, आणि म्हणाला की तुम्ही दोघींनी हे आधीच ठरवलेलं असणार, असली थट्टा कामाच्या वेळी बरी नाही. मग तो गेला. त्यानंतर त्याने काचेतून तिच्याकडे बघणंच सोडून दिलं.

५

डाग काढण्याच्या युक्त्या संपायच्या आत ती तडक केंद्रप्रमुखाकडे गेली. घरी जायचंय, आई एकटी आहे, तिच्या जिवाचं काहीतरी होईल. केंद्रप्रमुखाने चेहरा अगदी कळवळल्यासारखा केला. असा चेहरा करायचा त्याला पगारच होता. दुपारच्या निवेदिकेचा घसा बसलाय, तो म्हणाला, ती येणार नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तुम्हालाच बसायचंय. खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

सांगायला नको होतं. तो तिथला पहिला नियम. दुसरं माणूस येऊन खुर्चीवर टेकल्याशिवाय पहिल्याने पाळी सोडून उठायचं नाही. ताप असो, घरात मयत होवो, उठायचं नाही. स्वतःच्या नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यातही ती ह्याच खुर्चीवर बसून पिकांचे बाजारभाव सांगत होती, आणि त्याचं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं होतं. ते कौतुक आज तिला शिवीसारखं आठवलं. मी सकाळी बाहेर पडले तेव्हाच घसा बसल्याचं कळवता आलं नसतं का, तिने विचारलं. केंद्रप्रमुखाने दोन्ही हात वर केले.

मग तिने भावाला फोन केला. पोलिसांना कळव, शेजाऱ्यांना कळव, विमानाने ये, काहीही कर. भाऊ म्हणाला, ताई, तू जरा दमली आहेस. आईला माझा नमस्कार सांग.

परत खोलीत आल्यावर तिने काकूंना पुन्हा फोन लावला. काकू रस्त्यात होत्या, नातवाला शाळेतून आणायला निघाल्या होत्या. जाताना तुमच्याकडे डोकावले होते, त्या म्हणाल्या, पण आईंनी दार उघडलं नाही. आतून कडी लावलीय, आणि आतून म्हणाल्या, मुलीने सांगितलंय कोणाला घ्यायचं नाही. तुमचा माझ्यावर एवढा अविश्वास असेल तर तसं तोंडावर सांगायचं होतं. आणि काकूंनी फोन कापला.

६

आता एकच उपाय होता, तोंड बंद ठेवायचं. तिने हातरुमालाची घडी करून दातांत धरली. फेडर वर करायची वेळ आली की रुमाल काढायचा, गोड आवाजात शालेय पाठाचं नाव सांगायचं, कळ खाली ओढायची, की पुन्हा रुमाल तोंडात. पलीकडे मास्तर मुलांना पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते ते समजावत होते. त्यांच्यामागून फर्माईशी गाणी सुरू झाली.

पण डोक्याला रुमाल कसा बांधणार? एका खेड्यातल्या कुणा मुलीने आपल्या मैत्रिणीसाठी गाणं मागितलं होतं, ते ऐकता ऐकता तिचं मन भलतीकडे गेलं. भावाकडे गेलं, नवऱ्याकडे गेलं, सगळे हात झटकून गेले आणि मी तेवढी राहिले. आणि ही. हिची काठी, हिची वाटी, हिचे दिवसभराचे फोन. का माझ्याच गळ्यात पडलीस? जा ना तूही कुठेतरी. सगळे गेले तशी जा. हे सगळं तिच्या मनात झालं. ओठ मिटलेले होते, रुमाल लाळेने भिजला होता.

दिवा लुकलुकला.

"जाते गं," आई म्हणाली. तिचा आवाज आनंदात होता, जरासा दमलेला. "साडी बदलली. पण कुठे जायचं ते नाही सांगितलंस."

तिने रुमाल तोंडातून ओढून काढला. मग राग आला, नेहमीसारखा, सवयीने. कुठेही जायचं नाही, तिने बजावलं. रेडिओ बंद कर आधी. आत्ताच्या आत्ता.

"का?"

"मी सांगतेय म्हणून!"

आई म्हणाली, "फोनवर तू खेकसतेस. घरी आलीस तरी खेकसतेस. रेडिओवर बोलतेस तेव्हा वाटतं, माझी मुलगी अजून आहे कुठेतरी. तो नाही मी बंद करायची."

७

दुपार कलली तशी डॉक्टरांचा कार्यक्रम आला. डॉक्टर तिच्या समोरच्या खुर्चीवर बसून देशभरच्या गुडघेदुख्या आणि खोकले निस्तरत. ह्या कार्यक्रमापुरता खोलीतला फोन यंत्राला जोडलेला असायचा आणि श्रोत्यांचे फोन थेट प्रसारित व्हायचे. घरचा रेडिओ चालू ठेवून कोणी फोन केला की फोनमध्ये डॉक्टरांचाच आवाज मागून घुमायचा. म्हणून प्रत्येकाला आधी सांगावं लागे, कृपया आपला रेडिओ बंद करा.

तिने मनात काहीही येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. नखं तळहातात रुतवून ती बसली होती. एका दम्याच्या रोग्यानंतर दिवा लुकलुकला, तिने लाइन जोडली, आणि देशभर आईचा आवाज गेला.

"डॉक्टर, मला चक्कर येते," आई म्हणाली. "माझी मुलगी म्हणते, खिडकी उघडून बाहेर वाकलं की मोकळी हवा लागेल. पण खिडकीचा कठडा बुटका आहे. चालेल ना?"

आजी, तुमचा रेडिओ घुमतोय, डॉक्टर हसून म्हणाले. तो घुमत होताच, हेडफोनमध्ये डॉक्टरांचं वाक्य मागून पुन्हा ऐकू येत होतं. आणि त्याच्याही मागे, आईच्या अगदी जवळ, आणखी एक आवाज होता.

"विचार, आई, नीट विचार," तो म्हणत होता. "घाई नाही. मग ये."

तो तिचाच होता. शब्द लांबवण्याची तीच ढब, वाक्याच्या शेवटी तेच हसू. आणि ती स्वतः ओठ आवळून बसली होती. डॉक्टर मात्र कागदावर काहीतरी लिहीत होते, त्यांना ते ऐकू आलेलं दिसत नव्हतं.

"आई, रेडिओ बंद कर," ती म्हणाली. फेडर वर होता, लाल दिवा जळत होता, आणि साखरबाईचा घरचा आवाज पहिल्यांदाच देशाने ऐकला. "बंद कर म्हणते ना!"

डॉक्टर दचकले. ही कोण ओरडतेय, आईने विचारलं. डॉक्टरांनी सावरून घेतलं, आजी, रेडिओ बंद करा म्हणजे आपल्याला नीट बोलता येईल. बरं, तुम्ही म्हणता म्हणून करते, आई म्हणाली. खट्ट असा आवाज आला. डॉक्टरांचं घुमणं थांबलं. रेडिओ खरोखरच बंद झाला होता.

"शहाणी माझी," मागचा आवाज आईला म्हणाला. "आता फोन ठेव."

फोन कट झाला. ती उठली. डॉक्टर वाक्याच्या मध्येच थांबून तिच्याकडे बघत राहिले. खुर्ची मागे कलंडली तिचा आवाजसुद्धा प्रसारित झाला असणार. इंजिनिअर काचेवर थापा मारत होता, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

८

टॅक्सीत रेडिओ चालू होता. डॉक्टर एकटेच काहीतरी रेटत होते, मग तेही थांबले आणि नुसती शांतता आली. चालकाने दोनदा रेडिओवर चापट मारली. सरकारी काम, तो म्हणाला, मायला सगळे झोपले वाटतं. मग कुणीतरी बासरी लावून दिली.

तिने घरी फोन लावून पाहिला, तो लागत नव्हता. मनात काही येऊ नये म्हणून तिने हवामानाचं बातमीपत्र आठवायला घेतलं. आकाश अंशतः ढगाळ राहील. वारे मध्यम वेगाने वाहतील. तेवढंच पुन्हा पुन्हा. एका चौकात गाड्या तुंबल्या तेव्हा तिच्या डोक्यात शिव्या उसळल्या, त्या तिने आवंढ्यासारख्या गिळल्या. वारे मध्यम वेगाने वाहतील. शेवटच्या गल्लीत ती उतरून पळत सुटली.

इमारतीखाली पोरं चेंडू खेळत होती. गर्दी नव्हती, आरडाओरडा नव्हता. वर चौथ्या मजल्यावरची खिडकी सताड उघडी होती आणि पडदा बाहेर आला होता.

९

किल्ली फिरली, पण दार हललं नाही. आतून कडी होती. तिने दार बडवलं.

काठीची टकटक दारापर्यंत आली. जिवात जीव येणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. ती दाराला टेकून धापा टाकत राहिली.

"कोण आहे?" आईने विचारलं.

"मी आहे. दार उघड."

"मी कोण?"

"अगं मी! तुझी मुलगी! कडी काढ लवकर, डोकं फिरवू नकोस माझं!"

आत कुजबुज झाली. मग आई दाराला तोंड लावून म्हणाली, समजुतीच्या स्वरात, परक्या माणसाशी बोलतात तशी, "माझी मुलगी घरीच आहे हो. कधीचीच आलीये."

आई, ती मी नाही, ती कोणीही नाही, तिचं ऐकू नकोस, असं ती किंचाळली, दाराला लाथा घातल्या. समोर काकूंच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. आत आई घाबरून मागे सरकली असावी, कारण काठी दूर वाजली. कोणीतरी येऊन ओरडेल असं तू म्हणालीच होतीस, आई आत कोणाला तरी सांगत होती.

तेव्हा तिला सुचलं, गोड बोलायला हवं. ओरडण्यावर आईचा विश्वासच बसणार नाही, कसा बसेल? तिने डोळे पुसले, घसा साफ केला, आणि माइकसमोर लावायची तो आवाज लावून बघितला. "आई," ती म्हणाली. घोगरं, फाटकं असं काहीतरी निघालं. पुन्हा म्हणाली. आयुष्यभर ज्या आवाजावर पोट भरलं तो ह्या दारापाशी येईना. घरात तो तिने कधी काढलाच नव्हता.

"चल, आई," आतून आला तो. एका दमात, स्वच्छ, अगदी जवळून. "खिडकीपाशी चल. वारा किती छान सुटलाय."

"आले गं, आले," आई म्हणाली. लग्नाला निघाल्यासारखी म्हणाली. काठी दारापासून दूर जायला लागली.

ओरडण्यात अर्थ नव्हता. शब्द कोणतेही असोत, आपल्या मनात जे येतं तेच तो आवाज आईला सांगतो, एवढं तिला कळून चुकलं होतं. तिने कपाळ दाराला टेकवलं, डोळे घट्ट मिटले, आणि होता नव्हता तेवढा जीव एका शब्दात ओतला. थांब. तोंडाने नाही, मनाने. थांब, आई. तुझ्याशिवाय मला कोण आहे. थांब.

काठी थांबली.

आतला आवाजही थांबला. पंख्याची घरघर ऐकू येत होती, खालून पोरांचा चेंडू भिंतीवर आपटत होता. ती श्वास रोखून थांब, थांब म्हणत राहिली. आई कुठेही गेली नाही. हळूहळू तिच्या खांद्यांतला ताण उतरला. दिवसभरात पहिल्यांदा तिचा राग ओसरला. जमलं, तिला वाटलं. आता काकू येतील, कोणाला तरी बोलावून दार काढता येईल, आई खाटेवर निजेल, तिच्या गोळ्या, तिचं जेवण, आणि उद्या सकाळी पुन्हा हेच सगळं.

पुन्हा हेच. ते तिने मुद्दाम मनात आणलं नव्हतं. आपलं आपण आलं, आणि तिने झटकायच्या आत येऊन गेलंही.

दाराच्या आत, कानाला लागून असावा तितक्या जवळ, कोणीतरी श्वास घेतला. छोटा, नाकाने, फेडर वर करण्याआधी इतकी वर्षं ती घेत आली होती तसाच.

"हं, सांग बाळा," आई म्हणाली. "मी ऐकतेय."